एकाच घरात दोन फोन, ॲप एकालाच दिसतं

पत्र

सर, मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, बीसीए केलंय. काकांच्या दूध डेअरीसाठी मार्च २०२२ मध्ये फ्लटर (ॲप बनवायचं गूगलचं साधन) शिकत शिकत एक अँड्रॉइड ॲप केलं आणि प्ले स्टोअरवर टाकलं. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ आणि दहा दिवसांचं बिल सभासदाला फोनवर दिसतं. त्याच ॲपवरून काका काउंटरवर ब्लूटूथ प्रिंटरनं पावती काढतात, सभासदाच्या कार्डावरचा क्यूआर स्कॅन करतात. तीनशेच्या आसपास सभासद आहेत.

दीडेक वर्ष सुरळीत चाललं. मग नवा फोन घेतलेला जो तो येऊन सांगायला लागला, 'स्टोअरवर तुझं ॲपच नाही.' पण माझ्या फोनवर (अँड्रॉइड १४) ते दिसतं, काकांच्या जुन्या फोनवर (अँड्रॉइड १०) पण दिसतं. गंमत म्हणजे आमच्या गल्लीतल्या दोघा भावांनी गेल्या दिवाळीला एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे फोन घेतले. थोरल्याला ॲप दिसतं, धाकट्याला दिसत नाही! कॅशे क्लिअर केली, प्ले स्टोअरचे अपडेट काढून परत टाकले, फोन बंद-चालू केला. काही फरक नाही.

मित्र म्हणाला टार्गेट वाढव, म्हणजे ॲप कुठल्या अँड्रॉइडसाठी बनवलंय ते सांगणारा आकडा. मला भीती, की मग जुने फोन तुटतील, म्हणजे त्यांवर ॲप चालणार नाही. तरी नवीन फ्लटर घालून इंटर्नल टेस्टिंगला (मोजक्याच लोकांना चाचणीसाठी देतात ते) टाकून पाहिलं आणि झालंही तसंच. अँड्रॉइड ६ वाल्या दोघांना ते दिसेना. म्हणून थांबलो. सध्या व्हॉट्सॲपवरून एपीके, म्हणजे ॲपची फाइलच, पाठवतोय. नव्या नावानं दुसरंच ॲप टाकू का? काका म्हणतात, 'तुझ्या ॲपापेक्षा आमची वही बरी होती.'

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही 'गंमत म्हणजे' म्हणून उडवून लावलीत. दोघे भाऊ, एक दुकान, एक मॉडेल, म्हणजे फोनचा दोष नाही आणि अँड्रॉइडच्या व्हर्जनचाही नाही. मग दोघांत वेगळं काय राहिलं? मी तुमच्या जागी असतो तर कॅशेला हात लावण्याआधी धाकट्याला एकच विचारलं असतं: नव्या फोनमध्ये जीमेल कुणी उघडून दिलं?

पैज लावतो, दुकानदारानं. नवा फोन घ्यायला गेलं की काउंटरवरचा पोरगा विचारतो, "दादा, जुना आयडी आठवतो का? पासवर्ड?" आपण डोकं खाजवतो. "राहू द्या, नवीन काढतो." दोन मिनिटांत नवा आयडी तयार. त्याचा पासवर्ड त्या पोराला माहीत आणि देवाला. थोरल्याला जुना पासवर्ड आठवला असणार, धाकट्याला नसणार. बाकी दोघांच्या फोनमध्ये तसूभरही फरक नाही.

यानं ॲप दिसण्यावर परिणाम कसा होतो ते बघा. अँड्रॉइडच्या प्रत्येक व्हर्जनला एक अनुक्रमांक असतो, त्याला एपीआय लेव्हल म्हणतात. अँड्रॉइड ६ म्हणजे २३, ७ म्हणजे २४, १० म्हणजे २९, ११ म्हणजे ३०, १२ म्हणजे ३१, १३ म्हणजे ३३, १४ म्हणजे ३४ आणि १५ म्हणजे ३५. (मधला ३२ हा मोठ्या स्क्रीनसाठी काढलेल्या अँड्रॉइड १२एलचा.) मार्च २०२२ मध्ये नवीन ॲप टाकायचं तर टार्गेट किमान ३० लागायचं. तुम्ही शिकत शिकत केलंत म्हणता, म्हणजे तेवढंच ठेवलं असणार. बिल्ड.ग्रेडल फाइल उघडून खात्री करा.

पुढे गूगलचा नियम असा, की स्टोअरवर आधीपासून असलेल्या ॲपचं टार्गेट फार मागे राहिलं, तर त्याच्या टार्गेटपेक्षा नव्या अँड्रॉइडवर ते नवीन माणसाला दाखवायचंच नाही. ३१ ऑगस्ट २०२३ ला जुन्या ॲपांसाठीची ही किमान पट्टी ३१ वर गेली आणि तुमचं ३० तिच्या खाली राहिलं. तुमचं 'दीडेक वर्ष' संपतं ते बरोबर इथेच. ३१ ऑगस्ट २०२५ पासून ही पट्टी ३४ वर आहे, आणि नवीन ॲप किंवा अपडेट टाकायचा असेल तर टार्गेट ३५ लागतं. मात्र ज्या खात्यावरून ते ॲप पूर्वी एकदा घेतलेलं आहे, त्या खात्याला ते कुठल्याही नव्या फोनवर दिसतं आणि परत टाकताही येतं.

आता तुमची सगळी कोडी एकेक करून सोडवा. तुमचा फोन अँड्रॉइड १४, पण तुमच्या खात्यावर ॲप पहिल्या दिवसापासून आहे, म्हणून दिसतं. काकांचा फोन अँड्रॉइड १०, म्हणजे २९, तुमच्या ३० च्या आतच, म्हणून दिसतं. थोरल्याचा आयडी जुना. धाकटा प्ले स्टोअरच्या लेखी आज जन्मलेला माणूस. ॲप करणाऱ्याला स्वतःच्या फोनवर ते नेहमीच दिसतं, त्यामुळे 'माझ्याकडे तर दिसतंय' हा पुरावा या बाबतीत काडीचा उपयोगाचा नाही.

नियम अन्यायाचा आहे का? मला तसं वाटत नाही. जुन्या टार्गेटच्या ॲपला अँड्रॉइड जुन्या, सैल नियमांनी वागवतं. अँड्रॉइड ६ च्या आधी ॲप टाकतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागायच्या, आणि फसवी ॲपं करणारे मुद्दाम टार्गेट खाली ठेवून हाच दरवाजा वापरायचे. म्हणून तर अँड्रॉइड १४ नं २३ च्या खालच्या टार्गेटची ॲपं थेट टाकायलाच मनाई केली आणि अँड्रॉइड १५ नं ती मर्यादा २४ वर नेली. माझा राग आहे तो नियम पोचवण्याच्या पद्धतीवर. सभासदाला सर्चमध्ये नुसती शांतता मिळते. आणि तुम्हाला आलेल्या सूचना प्ले कन्सोलच्या (ॲप जिथून स्टोअरवर टाकता ती जागा) मेलवर पडून असतील. तो मेल बहुधा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी काढलेला असेल आणि परीक्षा झाल्यापासून कुणी उघडला नसेल. आज उघडा.

पुढचा मुद्दा भीतीचा. ही भीती मला बऱ्याच पत्रांत दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टार्गेट वाढवल्यानं एकही जुना फोन तुटत नाही. टार्गेट म्हणजे ॲपनं लिहून दिलेलं हमीपत्र: 'अमुक व्हर्जनपर्यंतचे नियम मला माहीत आहेत, त्यांनी मला वागवा.' अँड्रॉइड ६ च्या फोनला ३५ चे नियम माहीतच नाहीत, त्यामुळे ते हमीपत्र तो वाचत नाही. जुन्या फोनला बाहेर ठेवणारा आकडा वेगळा आहे, मिन एसडीके. 'यापेक्षा जुना फोन मला चालणार नाही,' असं तो सांगतो. हे दोन आकडे फाइलमध्ये एकाखाली एक असतात, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

मग तुमच्या त्या दोघांचे फोन कशानं तुटले? तुम्ही फ्लटर नवीन केलंत त्यानं. बिल्ड.ग्रेडलमध्ये मिन एसडीकेच्या पुढे बघा. तिथे साधा आकडा नसेल, 'फ्लटर.मिन-एसडीके-व्हर्जन' असं काहीतरी लिहिलेलं असेल. म्हणजे आकडा तुम्ही ठरवलेला नाही, फ्लटरवर सोपवलेला आहे. सध्याचं फ्लटर अँड्रॉइड ७ च्या, म्हणजे २४ च्या खाली बघतच नाही. तुम्ही घरातलं फ्लटर बदललंत आणि तुम्हाला न विचारता मिन एसडीके वर सरकलं. दोन गोष्टी एका वेळी केल्या, एकीचा परिणाम दुसरीच्या नावावर लागला.

असंच एखाद्या लायब्ररीमुळेही (दुसऱ्यानं लिहिलेला, ॲपात घातलेला तयार कोड) होतं. तुम्ही मिन एसडीके २१ लिहिता आणि बिल्ड लाल होऊन सांगतो की अमुक लायब्ररीला २३ लागतं. फ्लटर नसलेल्या ॲपांनाही हे चुकत नाही, कारण गूगलच्या अँड्रॉइडएक्स लायब्रऱ्यांनीही २०२५ मध्ये आपली खालची मर्यादा २१ वरून २३ वर नेली. तो इशारा एका ओळीनं गप्प करता येतो, आणि ती ओळ शोधली तर लगेच सापडतेही. तिच्या नादाला लागू नका. मग ॲप जुन्या फोनवर स्टोअरमध्ये दिसेल, उतरेल, उघडेल आणि मिटेल. दिसत नाही ही तक्रार जाऊन 'उघडतच नाही' ही तक्रार येईल आणि सोबत एक स्टार.

त्या दोन अँड्रॉइड ६ वाल्यांचं काय करायचं? आधी मोजा. प्ले कन्सोलच्या आकडेवारीत अँड्रॉइड व्हर्जननुसार फोन किती ते दिसतं. तिथे २४ च्या खाली खरंच दोन-चारच फोन असतील, तर त्यांच्यासाठी तीनशे जणांचं ॲप अडवून ठेवू नका. त्यांच्या फोनमध्ये जे व्हर्जन आज आहे ते तसंच चालू राहील, फक्त नवे अपडेट येणार नाहीत. तुमच्याकडून एवढंच पाहा, की सर्व्हरवर बदल करताना जुन्या व्हर्जनला उत्तर मिळणं बंद होऊ नये. आणि आकडा वीस-पंचवीसच्या वर निघाला, तर बिलापुरतं एक साधं वेबपेज करा, सभासद क्रमांक आणि पिन टाकला की दहा दिवसांचा तक्ता. कुठल्याही फोनच्या ब्राउझरवर चालतं, स्टोअरची कटकट नाही. जुनं फ्लटर धरून २१ टिकवायचा मोह होईल, पण तसं केलंत तर १ नोव्हेंबर २०२५ पासूनची दुसरी अट, म्हणजे टार्गेट ३५ आणि पुढच्या ॲपांतल्या नेटिव्ह लायब्रऱ्या १६ केबी मेमरी पेजवर चालल्या पाहिजेत ही, जुन्या इंजिनाबरोबर सांभाळत बसावी लागेल. दोन फोनांसाठी मी तरी ते करणार नाही.

यापुढे कुणी 'दिसत नाही' म्हणालं की सर्चवर विसंबू नका. सर्चमध्ये न दिसण्याला कारण लागत नाही, नावाचं स्पेलिंग चुकलं तरी दिसत नाही. त्याऐवजी ॲपची थेट लिंक त्याच्या फोनवर पाठवा आणि ती उघडल्यावर काय लिहून येतं त्याचा स्क्रीनशॉट मागा. 'हे ॲप अँड्रॉइडच्या जुन्या व्हर्जनसाठी बनवलं होतं' अशा अर्थाचं वाक्य आलं, तर दोष टार्गेटचा. 'हे व्हर्जन तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही' अशा अर्थाचं आलं, तर एक तर फोन मिन एसडीकेच्या खाली आहे, नाहीतर त्या फोनमध्ये तुमच्या ॲपनं मागितलेलं काहीतरी नाही. डेअरीच्या वहीतच मागच्या पानावर तीन रकाने आखा: अँड्रॉइड व्हर्जन, मॉडेल, मेल आयडी जुना की नवा. दहा तक्रारी लिहून झाल्या की कारण तुम्हाला विचारावं लागणार नाही.

त्या 'मागितलेल्या काहीतरी'त मी स्वतः पडलो आहे. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीसाठी गेटवरच्या नोंदीचं ॲप केलं होतं. सगळ्या रहिवाशांना दिसायचं, फक्त वॉचमनच्या टॅबवर दिसायचं नाही, आणि ॲप तर मुळात वॉचमनसाठीच होतं. दोन दिवस मी त्या टॅबची कॅशे पुसत गेटवर उभा. तिसऱ्या दिवशी कन्सोलमध्ये डिव्हाइस कॅटलॉग उघडला, त्या टॅबचं मॉडेल शोधलं, आणि समोर सरळ कारण लिहिलेलं: या डिव्हाइसमध्ये टेलिफोनी नाही. मी पाहुण्याच्या नंबरवर थेट फोन लागावा म्हणून कॉल करण्याची परवानगी मॅनिफेस्टमध्ये (ॲपला काय काय लागतं ते सांगणारी फाइल) घातली होती. प्ले स्टोअर अशा परवानगीवरून ताडतं, की या ॲपला सिमकार्डाचा फोन लागतोच, आणि नुसत्या वायफायवर चालणाऱ्या टॅबला ते दाखवत नाही. वॉचमन मला चहा पाजत होता, मी त्याच्या टॅबला नावं ठेवत होतो.

तुमच्या ॲपात क्यूआर स्कॅन आहे, म्हणजे कॅमेऱ्याची परवानगी असणार. त्यावरून स्टोअर मागचा कॅमेरा आणि ऑटोफोकस दोन्ही लागतात असं धरतं. स्वस्तातल्या काही फोनांत आणि टॅबांत ऑटोफोकस नसतो. पण सभासदाला नुसतं बिल बघायचं आहे, कार्ड तर काका स्कॅन करतात. तेव्हा मॅनिफेस्टमध्ये कॅमेरा आणि ऑटोफोकस या दोन्हींसाठी यूजेस-फीचरची ओळ घालून 'रिक्वायर्ड'ला 'फॉल्स' लिहा. ब्लूटूथचंही तसंच करा. तीन ओळींचं काम आहे आणि कोडमध्ये कॅमेरा नसेल तर स्कॅनचं बटण लपवायचं, बास.

आता टार्गेट ३० वरून ३५ वर नेताना काय काय आडवं येतं ते. यात प्रिंटर तुम्हाला सगळ्यात जास्त रडवेल.

टार्गेट ३१ आणि पुढे गेलं की अँड्रॉइड १२ व त्यावरच्या फोनवर ब्लूटूथनं जोडायला नवी परवानगी लागते, तीही ॲप चालू असताना विचारून घ्यावी लागते. ती विचारली नाही तर प्रिंटर पेअर केलेला दिसतो, हिरवा दिवा लागलेला असतो आणि पावती मात्र येत नाही. काकांच्या अँड्रॉइड १० वर हे काहीच घडणार नाही, तिथे जुनी परवानगीच चालते. म्हणून मॅनिफेस्टमध्ये जुन्या ब्लूटूथ परवानग्या काढून टाकायच्या नाहीत, त्यांना कमाल एसडीके ३० अशी मर्यादा घालून ठेवायच्या आणि शेजारी नवी लिहायची. तुम्ही काकांच्या फोनवर तपासून 'चालतंय' म्हणाल आणि काका पुढच्या पाडव्याला नवा फोन घेतील त्या दिवशी सकाळी साडेसहाला, काउंटरवर रांग लागलेली असताना, प्रिंटर बंद पडेल. तेव्हा हे काम तुमच्या अँड्रॉइड १४ वरच, डेअरीत जाऊन, खऱ्या प्रिंटरवर तपासा.

बाकीचं सोपं आहे. ३१ साठी मॅनिफेस्टमधल्या, इंटेंट फिल्टर असलेल्या प्रत्येक ॲक्टिव्हिटीला 'एक्सपोर्टेड' खरं की खोटं ते स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर गाडी तिथेच अडते. ३३ पासून नोटिफिकेशन दाखवायलाही विचारावं लागतं. 'बिल तयार आहे' असा निरोप तुम्ही पाठवत असाल, तर परवानगी ॲप उघडल्या उघडल्या मागू नका. माणूस बिल बघून झाल्यावर मागा, तेव्हा तो हो म्हणतो. आणि ३५ वर गेलात की अँड्रॉइड १५ च्या फोनवर तुमची स्क्रीन वरून-खालून काठापर्यंत पसरते. म्हणजे काय होतं ते डोळ्यांनी बघा: वर सभासदाचं नाव घड्याळाच्या आकड्यांवर चढतं आणि तळाचं 'बिल पाहा' हे बटण फोनच्या मागे-होम-रिसेंट या तीन बटणांखाली अर्धं जातं. म्हातारा माणूस बिल बघायला जातो आणि ॲप बंद होतं. फ्लटरमध्ये सेफ एरिया नावाचं विजेट आहे, प्रत्येक स्क्रीन त्यात गुंडाळा.

नव्या नावानं दुसरं ॲप? अजिबात नको. आज ज्यांच्याकडे जुनं आहे ते तिथेच अडकतील, त्यांना अपडेट पोचवण्याचा रस्ताच उरणार नाही आणि पुढची दोन वर्षं तुम्ही प्रत्येकाला 'ते निळं काढा, हिरवं टाका' सांगत बसाल. त्याच ॲपचं नवं व्हर्जन टाका, व्हर्जन कोड आधीच्यापेक्षा मोठा ठेवा. सहीची फाइल (ॲप तुमचंच आहे हे पटवणारी किल्ली) जुन्या लॅपटॉपबरोबर गेली असेल तरी घाबरू नका. ऑगस्ट २०२१ नंतर टाकलेल्या नव्या ॲपांची खरी सही गूगलकडे असते, तुमच्याकडची फक्त अपलोडची किल्ली असते, आणि ती हरवली तर कन्सोलमधून बदलून मागता येते.

व्हॉट्सॲपवरची एपीके मात्र आजच थांबवा. एक कारण तांत्रिक आहे. तुमच्या लॅपटॉपवर बनलेल्या एपीकेवर सही तुमच्या किल्लीची, स्टोअरवरच्या ॲपवर सही गूगलकडच्या किल्लीची. फोनच्या दृष्टीनं ही दोन वेगळ्या माणसांची ॲपं. त्यामुळे ज्यांनी एपीके टाकली आहे त्यांना स्टोअरवरचा अपडेट तिच्यावर बसणार नाही. आधी काढावी लागेल, मग नवं. नोंदी सर्व्हरवर आहेत म्हणून नुकसान काही नाही, पण तीनशेतले किती जण हे एकट्यानं करतील? दुसरं कारण मला जास्त खुपतं. लग्नपत्रिका म्हणून, गाडीचं चलन म्हणून एपीके पाठवायची आणि ती टाकली की बँकेतले पैसे उडवायचे, हा धंदा गावोगावी चालू आहे. अशा वेळी ज्या माणसावर गाव विश्वास टाकतं तोच 'अननोन सोर्स चालू करा, इशारा आला तरी ओके करा' असं शिकवत असेल, तर पुढची पत्रिका येईल तेव्हा गावानं थांबायचं कशाच्या जोरावर?

अपडेट टाकताना कन्सोल विचारेल, किती टक्के लोकांना आधी द्यायचा. मोठ्या ॲपांना ते शहाणपणाचं असतं, तुम्ही मात्र इंटर्नल टेस्टिंगवर आठवडाभर घासून घ्या आणि मग थेट शंभर टक्के करा. वीस टक्के ठेवलेत तर धाकटा भाऊ उरलेल्या ऐंशीत निघेल, त्याला ॲप दिसणार नाही, आणि तुम्ही परत मला पत्र लिहाल. तपासणीला काही तासांपासून सात दिवसांपर्यंत वेळ लागतो, कधी त्याहून जास्त. बिल वाटपाच्या आदल्या दिवशी अपलोड करू नका.

एवढं करूनही एखाद्याला दिसलं नाही, तर त्याचं ठिकाण विचारा. गावातली बरीच मुलं दुबई-मस्कतला असतात आणि वडिलांचं बिल तिथून बघायचं म्हणतात. प्रॉडक्शनच्या, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या ॲपच्या, देशांच्या यादीत तुम्ही फक्त भारत ठेवला असेल तर ज्यांच्या खात्याचा देश तिकडचा झाला आहे त्यांना ॲप दिसणार नाही. देश वाढवायला पाच मिनिटं लागतात. आणि फोन कुठल्या तरी अगदीच अनोळखी कंपनीचा असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये, अबाउटखाली, डिव्हाइस सर्टिफाइड आहे का ते बघा. नसेल तर तो इलाज तुमच्या हातात नाही.

ही पट्टी दरवर्षी ऑगस्टअखेर वर सरकते. वेळ हवा असेल तर कन्सोलमधून १ नोव्हेंबरपर्यंतची मुदतवाढ मागता येते, पण ती मागण्याची वेळ येऊ देऊ नका. तुमच्याकडे बेंदूर झाला, बैलांची शिंगं रंगवून झाली, की त्याच आठवड्यात लॅपटॉप उघडायचा. एक-दोन महिने हातात राहतात.

काकांची वही मात्र बंद करू नका. बिलावरून वाद झाला तर ती उपयोगी पडेल. नवं व्हर्जन स्टोअरवर चढलं की डेअरीच्या भिंतीवर थेट लिंकचा क्यूआर लावा आणि ग्रुपवर हा मजकूर टाका, हवा तसा बदलून:

'सर्व दूध उत्पादक सभासदांना कळवण्यात येते की डेअरीचं नवीन ॲप प्ले स्टोअरवर आलं आहे. ज्यांनी व्हॉट्सॲपवरून ॲप टाकलं होतं त्यांनी ते आधी काढून टाकावं, बिलाच्या नोंदी जाणार नाहीत. मग डेअरीच्या भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करून नवीन घ्यावं. यापुढे डेअरीकडून ॲपची फाइल व्हॉट्सॲपवर कधीही येणार नाही. आली तर उघडू नये, सेक्रेटरींना फोन करावा. ज्यांचा फोन अँड्रॉइड ६ किंवा त्याहून जुना आहे त्यांनी जुनं ॲप काढू नये. ज्याला अडचण येईल त्यानं संध्याकाळी दूध घालायला येताना फोन बरोबर आणावा.'